आंद्रे द जायंट आणि न दिसणारी वाढ

डब्ल्यूडब्ल्यूई बघत मोठे झालेल्यांना आंद्रे द जायंट माहीत असणारच. सात फूट चार इंच, अशी त्याची ओळख करून दिली जायची. जानेवारी १९९३ मध्ये वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी तो फ्रान्सला गेला आणि पॅरिसच्या एका हॉटेलात झोपेतच वारला. वय फक्त ४६. कारण, हार्ट फेल्युअर.

त्याच्या आजाराचं नाव अ‍ॅक्रोमेगली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात गाठ होते, बहुतेक वेळा कॅन्सरची नसलेली, आणि ग्रोथ हार्मोन गरजेपेक्षा जास्त तयार व्हायला लागतं. लहानपणी झालं तर उंची वाढतच जाते. मोठेपणी झालं तर हात, पाय, जबडा वाढतो.

या आजाराचा इतिहास बघा, सगळ्यांची नजर बाहेरच्या आकारावरच. १७८३ मध्ये 'आयरिश जायंट' चार्ल्स बर्न लंडनमध्ये २२ व्या वर्षी गेला. मला समुद्रात पुरा, ही त्याची इच्छा. पण सर्जन जॉन हंटरने पैसे मोजून मृतदेह मिळवला आणि सांगाडा पुढे दोन शतकं म्युझियममध्ये राहिला. २०२३ पासून तो लोकांना दाखवत नाहीत.

१८८६ मध्ये पॅरिसच्या पिएर मारीने आजाराला नाव दिलं, तेही ग्रीकमधून: टोकाचे अवयव मोठे होणं. १९०९ मध्ये हार्वी कुशिंगने बर्नची कवटी उघडून बघितली. पिट्युटरीची जागा मोठी झालेली होती.

आणि हृदय? १८९५ मध्येच फ्रेंच डॉक्टर ह्यूशारने या रुग्णांच्या हृदयाकडे लक्ष वेधलं होतं. पण चेहरा दिसतो, हृदय दिसत नाही. १९७० मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासाने आकडे मांडले: या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण अपेक्षेच्या जवळपास दुप्पट, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा.

हे होतं कसं? जादा ग्रोथ हार्मोनमुळे लिव्हर आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन भरपूर बनवतं. दोघांमुळे हृदयाचा स्नायू जाड होतो, मग कडक होतो. नीट सैल न झाल्यामुळे हृदयात रक्त पुरेसं भरत नाही. जोडीला बीपी, शुगर आणि स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं. हे सगळं वर्षानुवर्षं गुपचूप चालू असतं.

आता चांगली बातमी. नाकातून केलेली शस्त्रक्रिया आणि १९८० च्या दशकात आलेलं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन यांनी चित्र बदललं. हार्मोन वेळेत ताब्यात आलं, तर आयुष्यमान इतरांच्या जवळपास येतं. हृदयाची जाडीसुद्धा बऱ्याच जणांमध्ये कमी होते. म्हणूनच निदान झाल्यावर गाठीइतकंच लक्ष इको, बीपी, शुगर आणि झोपेकडेही द्यायचं.

खरा घोळ होतो तो उशिराचा. बदल इतका हळू होतो की रोज बघणाऱ्या घरच्यांनाही कळत नाही. तिशीनंतर अंगठी घट्ट होतेय, चपलेचा नंबर वाढतोय, घोरणं आणि घाम वाढलाय? डॉक्टरांना सांगा. आयजीएफ-१ ची साधी रक्त तपासणी असते. आणि जाताना मोबाइलमधले दहा वर्षांपूर्वीचे फोटो घेऊन जा. जुने फोटो शेजारी ठेवून बघणं ही या आजारात डॉक्टरांची जुनीच पद्धत आहे, आणि फोटो तर आपल्या खिशातच असतात.