मालगुजार गेला, पाळ कोणाची?

रायपूर स्टेशनच्या पलीकडे, गुढियारीच्या बाजारात धान-तांदळाच्या वह्या लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. माल घेऊन आलेला छत्तीसगढी शेतकरी गावच्या तलावाचं रडगाणं सांगू लागला, की मला माझ्या आजोळचाच माणूस बोलतोय असं वाटतं. आजोळ साकोलीकडचं, भंडारा जिल्ह्यातलं. दोन्ही मुलूख नागपूरकर भोसल्यांचे, मग इंग्रजांच्या मध्य प्रांताचे. १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तानं दोन्हीकडे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे गावमालक, बसवले आणि गावाबरोबर तलावही त्यांच्या नावे लागले.

तलाव त्याहून जुने. चांद्याच्या गोंड राजांकडे तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन देण्याची रीत होती. तिला तुकुम म्हणत. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीनं घातला असं सांगतात. पाणी कुठून येईल आणि पाळ कुठे घालायची, हे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाला बरोबर कळे.

आजोळच्या तलावाला तुडूम होता, म्हणजे पाणी सोडायची जागा. वरपासून खालपर्यंत भोकं, त्यांत लाकडी बुचं. पाणी उतरेल तसं खालचं बूच काढायचं. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी पाणी जाणार हे आजोबांना तोंडपाठ. उन्हाळ्यात तळातला गाळ बंड्यांनी शेतात जाई आणि घरटी एक माणूस पाळीवर माती टाकायला. नाही गेला तर मालगुजाराचा माणूस दारात हजर. बेगारच ती, गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण खचलेली पाळ रोवणीच्या आत भरली जायची.

१९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली. ३१ मार्च १९५१ला तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती. गावाचा निस्तारहक्क, म्हणजे तलाव वापरायचा हक्क, कागदावर राहिला, पण पाळीची जबाबदारी गावावर कुणी टाकली नाही. १ नोव्हेंबर १९५६ला सीमा आखली गेली : भंडारा मुंबई राज्यात, रायपूर मध्य प्रदेशातच. पुढे महाराष्ट्रात १९६२ला जिल्हा परिषदा आल्या. शंभर हेक्टरपर्यंतचे तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. पूर्वेकडच्या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव, कागदोपत्री ‘मामा तलाव’. मासळीचा ठेका एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे, पाणलोटातलं जंगल तिसऱ्याकडे. मासे धरणाऱ्या ढीवराला तलावात पाणी राहायला हवं, धानवाल्याला ते बांधीत हवं. पूर्वी हे भांडण मालगुजाराच्या एकाच ओसरीवर मिटायचं, आता त्याचे अर्ज होतात.

शेतकऱ्यांच्या हाती सिंचन द्यायचे कायदे झाले : तेव्हाच्या मध्य प्रदेशात १९९९ला, महाराष्ट्रात २००५ला. हेतू चांगला. पण कालव्यावरची पाणीवापर संस्था आणि गावतलाव यांचा जीव सारखा नाही. तलावाला आधी डागडुजी लागते, मीटिंग नंतर.

मामेभाऊ पाळीला पडलेल्या भगदाडासाठी एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत फिरला. शेवटी त्यानं बोअर मारली. शेजाऱ्यांनीही मारल्या. ज्यांच्या घरी बोअर आहे, ते आता पाळीच्या कामाला हाक मारली तरी येत नाहीत.