झाडं कोणी तोडली?

मागल्या जयंतीच्या तयारीची बैठक होती, मुरबाड तालुक्यातल्या एका गावात. वर्गणीचा हिशेब चालला होता. कातकरवाडीला बोलवायचं का, असं कोणीतरी विचारलं. तर आपलाच एक पोरगा म्हणाला, "त्यांना काय कळतंय? उंदीर खायचे नि दारू प्यायची. जंगल होतं तेबी तोडून विकलं. त्यांना कसला आलाय इतिहास!" सगळे हसले. मीही हसलो.

रात्री झोप लागेना. हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. आपल्याबद्दल. मेलेलं ढोर ओढणाऱ्यांना कसला इतिहास? या प्रश्नाला बाबासाहेबांनी 1948 साली 'द अनटचेबल्स' लिहून उत्तर दिलं. ते पुस्तक आपण डोक्यावर घेऊन नाचतो आणि तोच प्रश्न उचलून खालच्या वाडीवर फेकतो. म्हणून हा लेख. मी कॉलेजात गेलेलो नाही. गिरणीत पाळी करतो, मिळेल ते वाचतो. चुकलं तर दाखवून द्या.

आपल्या भागाचा इतिहास म्हटला की मास्तर आधी नाणेघाट सांगतात. खरंच आहे. मुरबाडहून वैशाखऱ्याला जा, घाट चढा, माथ्यावर सातवाहनांचं लेणं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख. राणी नागनिकेचा म्हणतात. त्यात काय कोरलंय? अश्वमेध केला, राजसूय केला, दक्षिणेला हजारो गाई दिल्या, घोडे दिले, हत्ती दिले, कार्षापणं दिली. आकडे मोजून कोरलेत. पण या घाटातून कोकणचा माल ज्यांच्या पाठीवरून वर गेला त्यांचा आकडा नाही. कातळ फोडून ज्यांनी वाट केली त्यांचं नाव नाही. दक्षिणेचा हिशेब दगडावर, घामाचा हिशेब कुठंच नाही. मग दगड वाचून इतिहास सांगणाऱ्याला कातकरी दिसणार कसा?

कातकऱ्याचा इतिहास त्याच्या नावातच आहे. काथ करणारा तो काथकरी, काथोडी. खैराचा लाल गाभा काढायचा, त्याच्या ढलप्या करायच्या, मडक्यात उकळायच्या, रस आटवून वड्या पाडायच्या. शहरातल्या शेठजींची पानं या काथानं रंगली. कोणता खैर पिकला, कोणता अजून कोवळा, हे झाडाकडं बघून सांगणारी माणसं. ज्या कडू कांद्यानं दुसरा मरेल तो चिरून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचं विष काढणारी माणसं. याला विद्या नाही म्हणायचं तर विद्या कशाला म्हणायचं?

मग इंग्रज सरकारनं 1878 साली दोन कायदे आणले. एक जंगलाचा. रान राखीव झालं आणि खैराला कुऱ्हाड लावणारा कातकरी चोर झाला. दुसरा अबकारीचा. पुढं 1892 साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावर बंधनं घालणारा वेगळा कायदा झाला. त्याच 1892 साली शहापूर तालुक्यात तानसा धरण पुरं झालं. मुंबईला पाणी गेलं. 1957 ला वैतरणेवर मोडक सागर झाला, त्यानंतर भातसा. मुंबईची तहान भागते ती शहापूरच्या उशाचं पाणी पिऊन, आणि उन्हाळ्यात इथले पाडे टँकरची वाट बघत हंडे घेऊन बसतात.

राखीव रानातली झाडं वाचली का? नाही. सरकारनंच कुपं पाडून ती ठेकेदारांना लिलावात दिली. कुऱ्हाड कातकऱ्याच्याच हातात राहिली, पण आता मजुरीनं. कोळशाच्या भट्टीवर तो, आजच्या वीटभट्टीवर तो. पावसाळ्यात खायला नसतं तेव्हा बयाणा घ्यायचा, दिवाळीनंतर कुडाला दोरी बांधून पोरंबाळं घेऊन भट्टी गाठायची, पुन्हा पावसाच्या तोंडावर अंगावर बाकी घेऊन परतायचं. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं बंद झाली म्हणतात. कागदावर झाली. आणि तोंड काळं झालं ते कुणाचं? कोळसा विकणाऱ्याचं नाही.

'झाडं तुम्हीच तोडली' हा आरोप इथलाच नाही. इथून अर्ध्या पृथ्वीपलीकडं, प्रशांत महासागरात रापा नुई नावाचं बेट आहे. गोरे त्याला ईस्टर आयलंड म्हणतात, कारण 1722 साली त्यांचं गलबत तिथं ईस्टरच्या दिवशी लागलं. माणसं आधीपासून राहत होती, पण नाव पाहुण्यांच्या सणाचं. तिथं डोंगरातून कोरलेले दगडी पूर्वज उभे आहेत, मोआई. त्यांची लाकडी फळ्यांवरची लिपीही होती, रोंगोरोंगो. जगभर सांगितलं गेलं की या लोकांनी झाडं तोडली, उपाशी मेले, एकमेकांना खाल्लं, आपल्या हातानं संपले.

झाडं गेली हे खरं. पण माणसं? 2024 साली शास्त्रज्ञांनी तिथल्या जुन्या हाडांतले जनुक तपासले. माणसं आधीच संपली होती, असं काही निघालं नाही. संपवली ती पुढं. 1862 साली पेरूची जहाजं आली आणि दीडेक हजार माणसं गुलाम करून नेली. त्यांत लिपी वाचणारेही गेले. जी थोडी परतली ती देवीचा रोग घेऊन. 1877 साली बेटावर 111 माणसं उरली होती. मग चिलीनं बेट घेतलं, जमीन मेंढ्यांच्या कंपनीला दिली आणि माणसांना एका गावात कोंडलं. नागरिकत्व मिळालं 1966 ला. आज त्या फळ्या दोन डझन उरल्यात, त्याही परक्या संग्रहालयांत. वाचता कोणालाच येत नाहीत.

माणूस लुटायचा, आणि नंतर लिहायचं की यानं आपलं आपणच घालवलं. रापा नुई आणि कातकरवाडी, दोन्हीकडं लिहिणारा एकाच जातीचा. हल्ली तो आणखी एक करतो. आदिवासीला 'वनवासी' म्हणतो. आदि म्हटलं की आधीचा हक्क आला. वनवासी म्हटलं की नुसता रानात राहणारा, रामाच्या वानरसेनेतला.

मग आपण काय करायचं? पुढारी होऊन वाडीत जायचं नाही. त्यांची गाणी आपल्या नावावर छापायची नाहीत. पहिलं काम साधं आहे. वाडी कोणाच्या सातबाऱ्यावर उभी आहे ते तलाठ्याकडून काढा. पिढ्यान् पिढ्या राहूनही पायाखालची जागा दुसऱ्याच्या नावावर, असं पुष्कळ ठिकाणी निघेल. 2006 च्या वनहक्क कायद्याचे दावे कुठं अडकलेत ते बघा. भट्टीवर गेलेली पोरं शाळेच्या हजेरीत हजर दाखवलीत का, तेही बघा. त्या पोरांच्या हातात वही आली, तर म्हातारीच्या तोंडचं ती स्वतःच लिहितील, स्वतःच्या बोलीत. मास्तर तिला अशुद्ध म्हणतो. म्हणू दे.

आज वाडीत वाचणारी माणसं जिवंत आहेत. झाड वाचणारी, पाणी वाचणारी. ती भट्टीच्या धुरात गेली तर आपल्यालाही उद्या काही वाचता येणार नाही.

त्या बैठकीत मी हसलो होतो. पुढच्या बैठकीला मी वाडीतल्या माणसांना घेऊन येणार आहे. ज्याला हसायचं त्यानं त्यांच्या तोंडावर हसावं.

जय भीम.