ओहायोच्या बाळांची रेघ

बाळाचं वजन ‘रेघेखाली’ आलं की घरात वरच्या दुधाची चर्चा सुरू होते. मी आधी विचारतो, रेघ कुणाची? १९७७ च्या अमेरिकी तक्त्यातले तान्ह्यांचे आकडे ओहायोतल्या एका अभ्यासातले; ती बाळं बहुतेक गोरी, बाटलीच्या दुधावरची. हाच तक्ता पुढे जगभर गेला. अंगावर पिणारी बाळं सुरुवातीला भराभर वाढतात, मग जरा हळू. त्यामुळे धडधाकट बाळही त्यात मागे पडलेलं दिसे, आणि आईला वाटे, आपलं दूधच पुरत नाही! २००६ चा नवा तक्ता सहा देशांतल्या, अगदी दक्षिण दिल्लीतल्याही, स्तनपानावरच्या बाळांवरून बनला. तरी एकटा ठिपका फार काही सांगत नाही. नायजेरियात डेव्हिड मॉर्ले यांनी तक्ता आईच्याच हाती दिला, तो ठिपके जोडून रेघ कुठे वळते हे दिसावं म्हणून. ती आडवी झाली किंवा उतरली, तर मात्र डॉक्टर गाठायचा.