उरूस

कोल्हापूरजवळच्या कागलच्या गैबी पिराचा उरूस आला की घरोघरी पाव्हण्यांना, दोस्तांना आवतण जातं. हा ‘उरूस’ मूळचा अरबी ‘उर्स’. अर्थ लग्न आणि लग्नाची मेजवानीही. सूफी परंपरेत संताचा मृत्यू म्हणजे त्याचं ईश्वराशी मीलन, म्हणून पुण्यतिथीला हे मंगल नाव. दख्खनेत आल्यावर शब्दात एक ‘ऊ’ शिरला आणि तो मराठी झाला. ‘गैबी’सुद्धा अरबीच, ‘गैब’ म्हणजे अदृश्य. पण कागलकर त्याला गहिनीनाथही म्हणतात, आणि हिंदू-मुसलमान दोघंही तिथं नैवेद्य घेऊन जातात. मला या शब्दाचं मोठेपण तिथंच दिसतं.

मेजवानीचा अर्थ मात्र खरा जपला तो कोल्हापूरकडच्या चुलींनी. मटण शिजलं की आधी अळणी पाणी काढायचं. त्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध पडलं की पांढरा रस्सा. कांदा-लसूण चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्याचा तो तांबडा. पंगतीत वाढपी पातेलं घेऊन फिरतच राहतो. वाटी रिकामी दिसली की विचारत नाही, थेट ओततो.