चाकाची खूण

अलिबागपासून जवळच खंडाळे नावाचे गाव आहे. घाटावरचे खंडाळे निराळे. या गावी एक खडक आहे आणि त्या खडकावर रथाच्या चाकाच्या व घोड्याच्या टापेच्या खुणा आहेत, अशी तेथल्या बेने इस्रायल लोकांची श्रद्धा. एलियाहू हन्नाबी हा त्यांचा संदेष्टा रथातून स्वर्गास गेला, तेव्हा तो या ठिकाणी टेकला होता, असे ते सांगतात. नवस फेडण्यासाठी ते येथे येतात आणि मलिद्याचा विधी करतात. पोहे, नारळ, गूळ आणि फळे यांचा तो प्रसाद मी लहानपणी पुष्कळदा खाल्लेला आहे.

मला तो देणारा माझा मित्र शनवार तेल्यांच्या घरातला. त्याच्या आजोबांच्या काळी शनिवारी घाणा बंद असे. आमच्या काळी घाणा उरला नव्हता, पण शनिवार उरला होता. १९६४ साली तो आईवडिलांबरोबर इस्रायलला गेला. बोटीवर चढण्यापूर्वी त्याने मला आपल्या गोट्या दिल्या आणि मी त्याला काहीच दिले नाही, ही रुखरुख मला अजून आहे.

काही वर्षांपूर्वी तो आला तेव्हा आम्ही दोघे म्हातारे त्या खडकापाशी गेलो. तेथे त्याने खिशातून मोबाइल काढून मला एक चित्र दाखवले. दहाबारा दाढीवाले लोक, अंगात कातडी जाकिटे, पाठीवर षट्कोनी तारा आणि पायांखाली अजस्र फटफट्या! मला हसू आवरेना. ज्यू म्हटला की ग्रंथावर वाकलेला पंडित नाही तर पेढीवरचा हिशेबी माणूस, एवढेच चित्र आपल्या डोक्यात पुस्तकांनी भरलेले.

"हसतोस काय?" तो म्हणाला. "चाकावरून निरोप नेणे ही आमची जुनी रीत आहे. हा खडक बघ की!"

मी गप्प बसलो. पण घरी आल्यावर या फटफटीवाल्यांच्या इतिहासाच्या मागे लागलो. तो जो हाती आला तो वाचकांपुढे ठेवतो.

१८९८ साली माक्स नोर्दाऊ या डॉक्टर-लेखकाने आपल्या लोकांना बजावले की, ग्रंथ पुष्कळ झाले, आता शरीरही कमवा. आपल्याकडे गल्लोगल्ली तालमी निघाल्या, तशा मग युरोपभर ज्यू तरुणांच्या व्यायामसंस्था निघाल्या. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात बंड करणाऱ्या मक्काबी वीरांचे नाव त्यांनी घेतले. योसेफ येकुतिएली नावाच्या एका मुलाने वयाच्या पंधराव्या वर्षी १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिकची वार्ता ऐकली आणि आपल्या लोकांचेही असे सामने व्हावेत हे वेड त्याने घेतले. ते पुरे व्हायला वीस वर्षे लागली.

सामने तेल अवीवला भरायचे ठरले. पण देशोदेशी विखुरलेल्या ज्यूंना आमंत्रण कसे द्यायचे? पत्रे धाडता आली असती. पण लग्नाची अक्षत टपालाने पाठवणे निराळे आणि घरी जाऊन देणे निराळे. येकुतिएली आणि त्याचे सोबती फटफट्यांवर बसले. १९३० साली एक तुकडी तेल अवीवहून अँटवर्पला गेली. मे १९३१ मध्ये दुसरी निघाली, ती इजिप्तमधून, समुद्र ओलांडून सलोनिका, सोफिया, व्हिएन्ना अशी गावे घेत थेट लंडनला. एकूण प्रवास नऊ हजार किलोमीटरांहून अधिक. गावोगावी थांबायचे, तिथल्या ज्यू वस्तीत जायचे आणि सांगायचे : या, तुम्ही आमचे आहात.

२८ मार्च १९३२ रोजी पहिले सामने सुरू झाले. महापौर डिझेनगॉफ पांढऱ्या घोड्यावर बसून मिरवणुकीच्या अग्रभागी होते. खेळाडू सुमारे ३९०. ही संख्या मोठी नव्हे. एखाद्या शाळेच्या संमेलनाला याहून अधिक मुले असतात. पण पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि त्या आमंत्रणाचा अर्थच बदलला. एप्रिल १९३५ मध्ये दुसरे सामने झाले तेव्हा २८ देशांतून १३५० खेळाडू आले आणि त्यांतील पुष्कळ परत गेलेच नाहीत. पॅलेस्टाइनवर तेव्हा ब्रिटिशांचा अंमल होता आणि तेथे येऊन राहण्यास परवाना लागे. खेळाडूला तो लागत नसे. बल्गेरियाचे पथक तेथेच राहिले, फक्त त्यांच्या बँडची वाद्ये तेवढी मायदेशी परत गेली, असे सांगतात. १९३८ चे सामने इंग्रज सरकारने होऊ दिले नाहीत. पुढचे भरले ते १९५० साली.

येथे एक गोष्ट लपवणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या भूमीवर हे लोक उतरत होते, तेथे अरब पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि या येण्याने त्यांच्यावर जे ओढवले त्याचा निवाडा अजून झालेला नाही. एकाला उघडलेले दार दुसऱ्याच्या अंगणातून जात होते. हे ध्यानात ठेवूनच पुढची हकीकत वाचावी.

त्या स्वारांच्या वाटेवरील एकच गाव घ्या : सलोनिका. तेथील बंदरातले हमाल ज्यू. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीही ते बंदर शनिवारी बंद असे. आमच्या कोकणातला घाणा आणि भूमध्य समुद्रावरचे बंदर एकाच दिवशी विसावा घेत होते, हे वाचून मला गंमत वाटली. पण पुढचे पान उलटले आणि ती गंमत राहिली नाही. ११ जुलै १९४२, वार तोच, शनिवार. जर्मनांनी नऊ हजार ज्यू पुरुषांना गावच्या चौकात जमवले आणि दिवसभर उन्हात उभे करून त्यांची विटंबना केली. त्या चौकाचे नाव स्वातंत्र्य चौक. १९४३ च्या मार्चपासून गाड्या सुटू लागल्या आणि ऑगस्टपर्यंत चाळीस हजारांवर माणसे आउश्वित्झला पोचवली गेली. फटफटीवाले पुढे ज्या सोफियाला गेले, तेथे मात्र मार्च १९४३ मध्ये दिमितर पेशेव्ह नावाचा संसद-उपाध्यक्ष आणि ख्रिस्ती धर्मगुरू आडवे पडले व खुद्द बल्गेरियातले सुमारे ४८ हजार ज्यू वाचले. बल्गेरियाच्या ताब्यातील थ्रेस आणि मॅसिडोनियातले अकरा हजार मात्र वाचले नाहीत. वाट एकच, पण एका मुक्कामी शेजारी उठले, दुसऱ्या मुक्कामी गाव रिकामे झाले.

सलोनिकाच्या एखाद्या गल्लीत १९३१ साली ती फटफट ऐकून पोरे धावली असतील. कोणी म्हणाले असेल, "जाऊ पुढच्या वर्षी." हे वाक्य मी सहज लिहिले खरे, पण लिहून झाल्यावर बराच वेळ लेखणी पुढे सरकेना.

२०१५ साली युरोपातील मक्काबी सामने बर्लिनला भरले. तेव्हा अकरा स्वार तेल अवीवहून मशाल घेऊन निघाले. त्यांत त्या संहारातून वाचलेले होते आणि वाचलेल्यांची मुले-नातवंडेही होती. जुन्या स्वारांची आठवण धरून त्यांनी युरोप ओलांडला आणि १९३६ च्या ऑलिंपिकसाठी नाझींनी बांधलेल्या रंगमंडलात ती मशाल नेली. या प्रवासावर 'बॅक टू बर्लिन' हा चित्रपटही निघाला.

मित्राने दाखवलेले चित्र अमेरिकेतील अशाच एका मंडळाचे होते. तेथे आणि कॅनडात ज्यू स्वारांची अशी अनेक मंडळे आहेत. एकाचे नाव 'हिलेल्स एंजल्स' : 'हेल्स एंजल्स' या दांडग्या टोळीच्या नावावर केलेली कोटी. नरकाच्या जागी त्यांनी हिलेल हा जुना सौम्य धर्मपंडित आणून बसवला! दुसरे 'खाई रायडर्स' : हिब्रूत 'खाई' म्हणजे जिवंत, आणि त्या अक्षरांची बेरीज १८, म्हणून दान अठराच्या पटीत देण्याची ज्यूंची चाल. ही मंडळे वर्षातून एकदा स्मरणफेरीसाठी एकत्र जमतात आणि संहाराची स्मारके व त्याचे शिक्षण यांसाठी पैसा उभा करतात.

हौशी लोकांचा हा देखावा नव्हे काय, असे मला प्रथम वाटले. फटफटी उडवायची आणि वर पुण्यही मिळवायचे! पण त्यांचा दानाला शब्द आहे 'झेदाका', आणि त्याच्या मुळाशी 'न्याय' हा अर्थ आहे. बाराव्या शतकातील मैमोनिदीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करणे, की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. म्हणजे देणारा मोठा होत नाही. तो फक्त देणे फेडतो. १९३१ च्या स्वारांनी पैसा वाटला नव्हता; पण त्यांच्या आमंत्रणावर जे गेले त्यांना यापेक्षा मोठे दान कोणी दिले असेल?

मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली. असे गट वाटेला लागतात तेव्हा सर्वांत अनुभवी स्वारांपैकी एकाला मुद्दाम अगदी मागे ठेवतात. कोणाचे चाक पंक्चर झाले, कोणी वाट चुकला, तर त्याने थांबायचे. मागे कोणी राहिले नाही ना, एवढेच पाहणे हे त्याचे काम.

"तू मागे राहिलास," तो हसत म्हणाला, "म्हणून तर मी आलो."

त्याने खडकावरच्या खुणेवरून हात फिरवला. मला ती खूण नीट दिसलीही नाही. दृष्टी अधू झाली आहे. मी त्याचा हात धरला आणि आम्ही उतरू लागलो. दिवस शुक्रवारचा होता. सूर्य मावळण्याच्या आत त्याला घरी पोचायचे होते.