७. ‘हॉर्नेट’वरील कोठडी
‘हॉर्नेट’ हे १९४३ साली अमेरिकी आरमारात दाखल झालेले विमानवाहू जहाज. २४ जुलै १९६९ रोजी पॅसिफिक महासागरात पालथे पडलेले ‘अपोलो ११’चे यान हवेच्या पिशव्या फुगवून सुलटे झाल्यावर आरमारी पाणबुड्यांनी त्यास तरंगते कडे आवळले, आणि तिघा अंतराळवीरांना हेलिकॉप्टरने जहाजावर पोचते केल्यानंतरच ते यारीने वर घेण्यात आले. चंद्रावरील जंतूंच्या, आज अवास्तव वाटणाऱ्या परंतु तेव्हा सरकारदरबारी गांभीर्याने मानलेल्या, धास्तीपायी वीरांना ज्या बंदिस्त फिरत्या खोलीत ठेवले, तीच ही कोठडी; खुद्द अध्यक्ष निक्सन यांनीही काचेबाहेरूनच त्यांचे अभिनंदन केले. २६ जुलैस जहाज पर्ल हार्बरला लागल्यावर कोठडी, आतील माणसांसकट, विमानाने ह्यूस्टनला रवाना झाली. — संपादक