अवांछित संदेशांचे नियमन आणि बुलढाण्यातील शेतकरी : एक ऐतिहासिक आढावा

जाहिरात गरजू व्यक्तीपर्यंत पोहोचविणे आणि अवांछित संदेश रोखणे या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू होत. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीने 'अर्पानेट'वरील सुमारे ४०० जणांना त्यांच्या संमतीविना जाहिरात पाठविली; या प्रश्नाचा आरंभ तेथे मानला जातो. पुढे भ्रमणध्वनीवरही हाच उपद्रव वाढला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००७ च्या नियमांनुसार ग्राहकास केवळ सरसकट नकार नोंदविता येत असे. २०११ पासून बँकिंग, शिक्षण, आरोग्य आदी सात वर्गांतून निवड करणे शक्य झाले. २०१८ च्या नियमांनी प्रेषक व ग्राहकाची संमती यांच्या नोंदणीची व्यवस्था घालून दिली.

बुलढाण्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात या नियमनाचे महत्त्व विशेष आहे. १६ जुलै २०१३ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या 'एम-किसान' सेवेत शेतकऱ्याचे ठिकाण व पीक पाहून सल्ला पाठविण्याची सोय करण्यात आली. देवनागरीतील एका लघुसंदेशात अवघी ७० चिन्हे मावतात. ती जाहिरातींच्या गर्दीत हरवली, तर किडीची किंवा पावसाची सूचना न वाचताच राहते आणि हानी पिकाची होते. म्हणूनच ग्राहकाने स्वतः नोंदविलेली पसंती हाच उत्तम जाहिरातीचा आणि उत्तम प्रतिबंधाचाही पाया ठरतो.